गमच्या टाकीवरचा दिवा

कच्च्या सोयाबीन तेलात चिकट गम असतो. गरम तेलात थोडं पाणी घातलं की तो फुगून वेगळा होतो, मग काढता येतो. राहिला, तर कढईत तेल फेसाळतं, काळं पडतं. लातूरच्या आमच्या रिफायनरीत हे तपासणारी केमिस्ट मी, विशाखा, विष्णुपुरीची. अंगात शहाणपणा नको तितका.

त्या सकाळी गमची रिकामी टाकी धुवायची होती. आत उतरणार होते ग्यानोबाकाका, अहमदपूरकडचे, उभा जन्म विहिरी खोदण्यात गेलेले. "काका, आतली हवा बघितल्याशिवाय उतरायचं नाही," असं ठणकावून मी गॅसमीटर आणायला लॅबमध्ये गेले.

परत आले तर काका टाकीच्या माथ्यावर, उघड्या झाकणापाशी बसलेले. हातात दोर बांधलेली बादली, आणि बादलीत गेटवरच्या देव्हाऱ्यातला पेटता दिवा!

विहिरीत असंच करतात. दिवा विझला तर हवा वाईट, उतरायचं नाही. पण तेल काढताना वापरलेलं हेक्झेन थोडं तेलात उरतं, गमबरोबर टाकीत येतं, आणि त्याची वाफ पेट्रोलसारखी पेटते. हवा बघा म्हणून मीच सांगितलं होतं. कशी बघायची ते सांगताना माझी जीभ झिजणार होती का?

ओरडावं, तर दचकून बादली आत जायची. मी आवाज साधा ठेवला.

"काका, खाली या. घरून फोन आलाय. नागुबाईकाकूंना दवाखान्यात नेलंय."

"आँ? काय झालं तिला?"

"आधी या तर. दिवा विझवून या."

"फुकू कसा, म्याडम? देवाचा दिवा हाय."

त्यांनी हात जोडले. बादली झाकणाच्या कडेवर डुगडुगत होती. मला पळून जावंसं वाटत होतं, खरंच सांगते. मग त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत वात दाबली.

काका शिडी उतरले. मी सगळं सांगून टाकलं. फोन खोटा होता, टाकी पेटली असती, तुम्ही उरला नसता. वाटलं, आता थोबाडीत बसणार.

त्यांनी मोबाईल काढून घरी, काकूंना लावला.

"काय करायलीस? ... भाकरी? बरं, बरं. काय न्हाई, असंच."

फोन खिशात ठेवून ते माझ्याकडे वळले.

"मी जळालो असतो तरी चाललं असतं, पोरी," ते म्हणाले. "तिच्या नावानं असं पुन्हा बोलू नको."