वास न येणारे बूट

"कातडी बूट नकोतच," विल्हो काउंटरवर ठासून म्हणाला. "कातडं माणसाचा वास पितं आणि हरणाच्या नाकात नेऊन ओततं. रबरीच दाखव, पण यांच्यापेक्षा चांगले." त्याने पिशवीतून तीन वर्षांपूर्वी त्याच दुकानातून घेतलेले बूट काढले.

दुकानवाल्या बर्निसने एक बूट नाकाशी नेला आणि झटक्यात लांब धरला. "अगं बाई! रॉकेलमध्ये भिजवलेस की काय? हरणं सोड, मीच पळून जाईन!"

विल्होला कसलाच वास आला नाही. चार हिवाळ्यांपूर्वीच्या तापात त्याचं नाक मेलं होतं. हे फक्त त्याच्या मुलाला, ड्वाइटला, ठाऊक होतं. त्याच्या देखत बाप नासलेलं दूध गटागट प्याला होता.

दलदलीच्या कडेचं मचाण विल्होने स्वतः बांधलेलं. बेचाळीस वर्षं तो तिथे बसत होता. पण शिकारी कॅम्पचा नियम होता: सलग तीन हंगाम नर हरण पडलं नाही, की मचाण सोडायचं आणि चुलीपाशी उभं राहून सगळ्यांसाठी रांधायचं. हा तिसरा हंगाम आणि उद्या शेवटचा दिवस. हरणं यायची, हवा हुंगायची, फुत्कारून पळायची. बूट रोज झाकणबंद डब्यात, रानाचाच वास लागावा म्हणून पाल्यात ठेवलेले असायचे. डबा ड्वाइट सांभाळायचा. मचाणावर पुढचा नंबरही ड्वाइटचाच.

विल्होने नवे बूट घेतलेच नाहीत.

कॅम्पवर सगळे जेवायला बसले होते. त्याने जुने बूट ड्वाइटसमोर ठेवले. "जरा हुंगून सांग रे. माझं नाक चालत नाही."

वास येतोय, पोराने एवढं कबूल केलं असतं ना, तर म्हाताऱ्याने मचाण तिथल्या तिथे देऊन टाकलं असतं.

ड्वाइटने बुटात नाक घातलं. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "काही नाही, बाबा. एकदम स्वच्छ. वय झालं तुमचं, एवढंच."

विल्होने बूट त्याच्याकडे सरकवले.

"बरं," तो म्हणाला. "मग उद्यापासूनच मचाण तुझं. आणि हे बूटही तुझेच. माप एकच आहे आपलं."

"माझे आहेत की..."

"तुझे कातडी! तीन वर्षं मला काय शिकवत होतास?"

"घाल रे, लाजतोस काय!" शेजारचा रेनो हसत म्हणाला. "बापाने स्वच्छ ठेवलेत!"

सकाळी विल्हो बटाटे सोलत होता. दलदलीकडून हरणाचा फुत्कार ऐकू आला. मग आणखी एक. आपल्याला हसू येईल असं त्याला वाटलं होतं, पण त्याने सुरी खाली ठेवली.

दुपारी ड्वाइट रिकाम्या हाताने परतला आणि खाली मान घालून दारातच बसला. विल्होने त्याच्यापुढे वाटाण्याचं गरम सूप ठेवलं, वाकून त्याचे बूट ओढून काढले आणि चुलीमागची कंदिलाची रॉकेलची बाटली उचलून बुटांच्या डब्यात ठेवली.

"खा निवांत," तो म्हणाला. "यापुढे डबा मी सांभाळीन."