भुवईची कड

यजमान सावळीराम गेल्यापासून कलाबाई प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणत होत्या. जेवता का? हो. जरा पडता का? हो. एकदा सूनबाई चहात साखर घालायलाच विसरली, तर तो चहाही त्यांनी मुकाट्याने पिऊन टाकला. रडू मात्र आलं नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, “रडून घे गं बाई, मोकळी हो.” त्यालाही त्या हो म्हणाल्या आणि निवडायची मेथी पुढ्यात ओढली.

सावळीरामांचा पंचवटीत स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा कारखाना होता. पिंपळगावच्या द्राक्षपेट्यांवरची चित्रं, लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या. चौकटीत ताणलेल्या जाळीवरून रबरी पट्टीने शाई ओढायची. जितके रंग तितक्या जाळ्या. तरुणपणी त्यांनी एकदाच हौसेने स्वतःचा चेहरा छापला होता. मोजक्या प्रती, प्रत्येकीखाली पेन्सिलीने सही. बाकीच्या वाटल्या गेल्या, एक घरात राहिली. फोटो काढून घ्यायचा त्यांना भारी कंटाळा, म्हणून हार घालायला शेवटी तेच चित्र भिंतीवर चढलं. त्या घाईत काच फुटली, ती पुन्हा बसवायची राहून गेली, आणि कलाबाई रोज सकाळी सहाणेवर उगाळलेलं गंध थेट कागदावरच्या कपाळाला लावू लागल्या.

मग मुंबईच्या एका प्रदर्शनात त्यातली एक प्रत लागली आणि जुनी चित्रं जमवणारी मंडळी उरलेल्या प्रती शोधायला निघाली. त्यांच्यापैकीच एकाच्या वतीने योगिनी नावाची मुलगी घरी आली. हातात पांढरे मोजे, डोळ्याला भिंग.

“सही अस्सल आहे,” ती म्हणाली. “पण कपाळावर हा डाग कसला?”

“डाग नाही, गंध आहे,” सून वैष्णवी म्हणाली. “आई रोज लावतात.”

“कागदावर?”

“नशीब समजा मॅडम,” मुलगा रविराज हसला, “बाबांचा वाढदिवस अजून यायचाय. नाहीतर केकही भरवला असता.”

योगिनीलाही हसू आलं. “निघेल तो. आमच्याकडे कागद साफ करणारे जाणकार आहेत.”

रविराज आईजवळ बसला. “आई, देऊन टाकूया ना? तुझ्यासाठी याचा मोठा फोटो करून आणलाय. हुबेहूब. याला काचही नको म्हणाला फ्रेमवाला.”

“हो,” कलाबाई म्हणाल्या.

चित्र खिळ्यावरून उतरलं, पातळ कागदात गुंडाळलं गेलं, खोक्यात शिरलं. खिळ्यावर फोटो आला. पाहुणीच्या गडबडीत सकाळचं गंध राहिलं होतं. कलाबाईंनी सहाण घेतली, खोड उगाळलं आणि सवयीने बोट उचललं.

बोट घसरलं. गंधाचा ओघळ नाकावरून हनुवटीपर्यंत आला.

रोज त्या बघत नसत. बघण्यासारखं काही उरलं आहे असं त्यांना वाटतच नसे. बोटच आपलं आपण जायचं. छापलेल्या चेहऱ्यावर शाईचे थर एकावर एक बसलेले. भुवईपाशी काळ्या शाईची बारीकशी कड लागायची, बोट तिथे अडायचं आणि तिच्या वरच गंध टेकायचं. दिवसभरात तेवढंच काय ते त्यांना जाणवायचं.

“भुवई कुठंय?” त्यांनी विचारलं.

“ही काय, समोरच तर आहे.”

“दिसतेय रे. लागत नाहीये.”

रविराजला काही उमगलं नाही. योगिनी खोक्याला चिकटपट्टी लावत होती. कलाबाईंनी गंधाचा हात तसाच खोक्यावर ठेवला.

“नाही.”

“काय नाही?”

“हे द्यायचं नाही.”

“अगं, आत्ता तर हो म्हणालीस!”

“मी सगळ्यालाच हो म्हणतेय रविराज. तुला कळलं नाही होय?”

योगिनीने चिकटपट्टी हळूच सोलली आणि चित्र बाहेर काढून दिलं.

“निदान काच तरी बसवा आजी,” ती म्हणाली. “अशाने शाई झिजेल हो.”

“झिजू दे. बोटही झिजेलच की.”

चित्र परत खिळ्यावर गेलं. बोट वर सरकलं, कडेपाशी अडलं. रडू तेव्हाही आलं नाही.

वैष्णवीने सगळ्यांना चहा दिला. कलाबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“सूनबाई, साखर विसरलीस गं.”