सरकीसकट

मलिकाने टेप कौसल्याच्या छातीवरून फिरवला. उजवीकडे आता नुसता व्रण होता, तिथे तिने बोट हलकेच उचलून घेतलं. शिलाई मशीनमागचा पडदा ओढलेलाच होता.

"हात वर करा बाई."

कौसल्याने हात वर केला आणि नव्या ब्लाउजची उजवी बाजू थेट गळ्याशी आली. आत मलिकाने पिंजलेली रुई भरली होती. तिला वजन ते कुठलं!

"हे घालून रविवारी पुतण्याच्या लग्नात जाऊ काय मी? हसं करून घेऊ?"

चिडली होती ती. कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. गाडीतल्या बायका छातीकडे पाहतात म्हणून तिने दवाखान्यात तपासणीला जाणंसुद्धा सोडलं होतं. आर्णीतल्या या दुकानापर्यंत आली तीच मोठी गोष्ट.

मग तिनेच पिशवीतून घरचा कापूस काढला, सरकीसकट. भाव पडल्यापासून घरोघरी त्याचे ढीग लागले होते. तीस वर्षं वेचणी केलेल्या हाताने तिने मूठ भरली, तोलली, चिमूटभर काढला, पुन्हा तोलला.

"एवढा घे. सरकीवाला मधात, वरून तुही रुई."

मलिकाने थैली शिवून आत बसवली. आता हात वर केला तरी ब्लाउज जागचा हलला नाही. कौसल्या आरशापुढे या अंगाने, त्या अंगाने उभी राहिली आणि तिला रडूच आलं.

मलिकाचं तिकडे लक्ष नव्हतं. खाली सांडलेली एक सरकी तिने उचलली होती.

"बाई, तुमची गाठ दुखत होती काय?"

"दुखली असती तं कायले एवढा उशीर केला असता?"

"सुरुवातीले... एवढी होती?"

कौसल्या वळली. मलिकाच्या एका चिमटीत सरकी होती, दुसरा हात ओढणीखाली, काखेजवळ.

"कवापासून?"

"रमजानपासून. घरात कोणाले सांगतलं नाही."

कौसल्याने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि चपला शोधू लागली.

"तो ब्लाउज काढून द्या ना," मलिका म्हणाली. "घडी करून देते. लग्नापर्यंत चुरगळून जाईन."

"राहू दे अंगावर. दवाखान्याकडची अकराची गाडी भेटते अजून. मशीन झाक, चाल."