सात महिन्यांची पिवळी

आजोबांनी भरलेली पहिली बाटली फुटली आणि काच त्यांच्या अंगठ्यात घुसली. दुसरी टिकली. घरात आमच्या कंपनीचा इतिहास असा दोन वाक्यांत सांगितला जायचा. पुढचं सगळं अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगायचे: पत्र्याच्या शेडमधलं हाताने फिरवायचं यंत्र, मग बाटल्या धुण्याचं जुनं मशीन, मग दोन ट्रक, मग आसपासच्या दुकानांवर रंगवलेलं आमचं नाव. पेय मात्र एकच. लिंबू, आलं, साखर, पाणी आणि गॅस. बाटलीवर नाव ऐटीत छापलेलं होतं, पण लोक दुकानात जाऊन "एक पिवळी द्या" एवढंच म्हणायचे.

दादा विक्री बघायचा आणि मी पाक. रोज सकाळी पाकखोलीतल्या टाकीतून एक चमचा पाक काढायचा, पाण्यात पातळ करायचा, चाखायचा आणि पाटीवर खडूने खूण करायची. खूण नसेल तर लाईन सुरू व्हायची नाही. हे काम आधी अप्पा करायचे, मग सतरा वर्षं मी केलं.

अप्पा गेले त्या आठवड्यात मी तापाने फणफणले होते. घरात माणसांची रीघ लागली होती. मी रडले नाही. मावशी कुजबुजली, "हिला धक्का बसलाय, काही बोलू नका हिला." धक्का बसल्यासारखं मला वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं, एवढंच.

ताप उतरल्यावर कामावर गेले. चमचा तोंडात घातला. गोड लागलं, आंबट लागलं, आणि संपलं. आल्याची चव नाही, लिंबाच्या सालीचा वास नाही. आल्याच्या अर्काच्या पिंपाचं झाकण काढून हुंगलं. डोळे चुरचुरले, नाकाला पत्ता नव्हता.

बाहेर दुर्बीण उभा होता. दुर्बीण म्हणजे आमचा बाटल्या तपासणारा. उजेडाच्या पडद्यापुढून बाटल्या सरकायच्या आणि त्यांतला केस न् केस त्याला दिसायचा.

"ताई, करू सुरू?"

लाईनवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी खडू उचलला आणि खूण केली.

डॉक्टर म्हणाले, वास जातो कधी कधी अशा तापात. परत येईल, काही महिने लागतील, किंवा नाहीही येणार. मी मान डोलावली आणि घरी आले. कोणाला बोलले नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणता म्हणता चमचा तोंडात घालायचा आणि खूण करायची याची सवय होऊन गेली. वहीतली मापं तीच होती. पाकात अर्क सोडणारा पंप तोच होता. माझी जीभ नसली तरी काय बिघडतंय, असं वाटायचं. वाटायचं म्हणजे, त्यावर मी विचारच करत नव्हते.

सातव्या महिन्यात दादा पाकखोलीत आला. तो सहसा तिथे येत नसे, चपला चिकटतात म्हणून.

"एका मोठ्या कंपनीने विचारलंय. विकत घेतो म्हणतात. अप्पा होते तोवर हा विषयच काढता येत नव्हता. तुला काय वाटतं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे हो की नाही?"

"काही नाही म्हणजे काही नाही."

त्याने चिकटलेली चप्पल फरशीवरून सोडवली. "बरं. मी हो धरतो."

ते लोक येणार म्हणून सगळी साफसफाई काढली. फिटरने अर्काचा पंप उघडला, नळी काढून उजेडात धरली आणि म्हणाला, "ताई, ही कधीपासून चोंदलीय?"

मी पिंपात डोकावले. अप्पा जायच्या आधी आलेलं पिंप, जवळजवळ भरलेलं. पंपाचा काटा रोज नीट फिरत होता, अर्क मात्र थेंबभर पुढे गेला नव्हता. पिंपात बघायची वेळ पूर्वी कधी आलीच नव्हती, जीभच सांगायची. म्हणजे सात महिने पिवळीत आल्याचा अर्कच नव्हता, आणि रोज पाटीवर माझी खूण होती.

मी दादाच्या केबिनमध्ये गेले. "तक्रारी किती आल्या या सात महिन्यांत?"

"एक. झाकण गंजल्याची."

मग मी त्याला सगळं सांगितलं, नाकापासून. त्याने उठून दार लावलं.

"कोणाला बोललीस?"

"तुलाच. विक्रीचं काय?"

"वाढलीय," तो म्हणाला. "थोडी."

तो हसायला लागला, आणि हसता हसता टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. "अप्पांना कळलं नाही ते बरं झालं गं," एवढंच कळलं मला त्यातून. त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा, असं माझ्या मनात आलं. ठेवला. तो रडायचा थांबेपर्यंत हात तिथेच राहू दिला.

आई दुपारी जेवताना रोज एक पिवळी घेते. दुसऱ्या दिवशी तिच्या समोर बसून विचारलं, "आई, चव बदलल्याचं तुला कळलं होतं?"

"कळलं की. पहिल्याच घोटाला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तूच काढलंस ते आलं. म्हटलं, बरं केलं पोरीने. घशाला टोचायचं मला. पण यांना कोण सांगणार? चाळीस वर्षं ग्लास पुढे करून विचारायचे, कशी झालीय? मी म्हणायची, छान." तिने ग्लास रिकामा केला. "तू रडलीही नाहीस, आणि आलंही काढलंस. तुझी रीत वेगळी असेल, म्हणून गप्प बसले."

त्या कंपनीकडून एक बाई आणि एक माणूस आले. मी त्यांच्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या. एक दुरुस्त पंपाची, एक गेल्या महिन्यातली. आणि सांगून टाकलं: यातली खरी कुठली, खोटी कुठली, आणि मला दोन्हींतला फरक कळत नाही. दादाचा चेहरा खर्रकन उतरला.

बाईंनी दोन्ही बाटल्यांतला एकेक घोट घेतला. "दोन्ही बऱ्या आहेत," त्या सौजन्याने म्हणाल्या. "पण पाक आमचा येणार, तयार. आम्हाला तुमचं नाव हवंय, बाटलीचा आकार, आणि तुमचे ट्रक जातात ती दुकानं."

दादाचा जीव भांड्यात पडला. माझा कुठे पडायचा प्रश्न नव्हता.

व्यवहार झाला. पाकखोलीला कुलूप लागलं. दुर्बिणीच्या जागी कॅमेरा आला, निरोपाच्या दिवशी त्याने कॅमेऱ्याची काच आपल्या रुमालाने पुसली आणि म्हणाला, "डाग होता." दादा त्यांच्याकडे विक्रीलाच लागला आणि खूश आहे. मला पाणी तपासायला ठेवलं. पट्टी बुडवायची, रंग बघायचा, आकडा लिहायचा. चाखायचं काही नसतं.

वर्ष उलटून गेल्यावर एका संध्याकाळी बसमध्ये शेजारी एक बाई येऊन बसली. मांडीवर बुटांचं खोकं होतं. तिने ते उघडून आत बघितलं आणि रबराचा, गोंदाचा वास आला. उग्र, जरासा करपलेला, नीट न जुळलेला, पण वास. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले आणि मला रडू फुटलं, आवाज करून. बाईने खोकं घाईघाईने बंद केलं आणि विचारलं, "काही लागलं का?"

"नाही," मी म्हटलं, "उघडं राहू द्या."

तिने ते उघडं ठेवलं. माझा थांबा मागे गेला तरी मी उतरले नाही.