नऊ पौंड वाफ

परळच्या आमच्या इंजिनियरिंग कॉलेजात १९५७ साली पदव्युत्तर विभाग सुरू झाला, तेव्हा त्यात एक प्रोफेसर, एक बॉयलर आणि एक विद्यार्थी होता. प्रोफेसर हेरंब टिपणीस दादरला राहत. बॉयलर विलायतेहून आला होता. विद्यार्थी कुशाबा रणपिसे लालबागच्या चाळीतून चालत येई.

बॉयलर मात्र कधी पेटला नव्हता. उद्घाटनाला त्याला हार घातला, फोटो काढला, एवढंच. कायद्याप्रमाणे तो पेटवायला परवानाधारक बॉयलर अटेंडंट लागतो आणि ती जागा मंजूर नव्हती. टिपणिसांनी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा शेरा आला, ‘राज्यरचनेचा प्रश्न सुटेपर्यंत स्थगित.’ बाहेर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालल्या होत्या आणि आत प्रत्येक फायलीवर हाच शेरा पडत होता. चपराशाच्या रजेवरसुद्धा. सरकारी इन्स्पेक्टर मात्र दरवर्षी येऊन बॉयलरला ‘उत्तम स्थितीत’ असा दाखला देई. न वापरलेली वस्तू बिघडणार कशी?

कुशाबाचा प्रबंधाचा विषय होता, एक पौंड कोळशात किती पौंड पाण्याची वाफ होते. त्याचे वडील बुधाजी मिलमध्ये बावीस वर्षं बॉयलरवर होते. कुशाबा त्यांच्या पाळीला मिलमध्ये जाई, कोळसा तोलून घेई, पाणी मोजी. दोन वर्षांत चाळीस वेळा मोजलं. आकडा आला सहा.

टिपणिसांनी प्रबंध चाळला आणि चष्मा काढला.

“रणपिसे, सहा? पुस्तकात नऊ आहे.”

“सर, पुस्तकातला कोळसा विलायती आहे.”

“आणि हा बॉयलर मिलचा आहे. आपल्या प्रयोगशाळेतल्या बॉयलरचे आकडे कुठायत?”

“तो पेटत नाही, सर.”

“पेटत नाही म्हणून आकडे नाहीत असं नाही.” त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली. बी.ई.ची मुलं दरवर्षी तिच्यातून प्रयोग उतरवून घेत. “हे घ्या. आठ पूर्णांक नऊ, नऊ पूर्णांक एक. सुंदर आकडे आहेत.”

“हे कोणी मोजले, सर?”

टिपणिसांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माणूस दुष्ट नव्हता. त्यांनाही त्यांच्या प्रोफेसरांनी ती वही तशीच दिली होती.

“तुम्ही फार प्रश्न विचारता,” ते म्हणाले. “नऊ करा, मी सही करतो.”

कुशाबा घरी जेवला नाही. सुंदराबाईंनी, त्याच्या आईनं, दोनदा विचारलं. शेवटी त्यानं सगळं सांगितलं. बुधाजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू मोजलंस किती?”

“सहा.”

“मंग सहाच लिव्ह. येक वरीस गेलं तर जाऊ दे.”

कुशाबानं सहाच लिहिलं. टिपणिसांनी ‘मार्गदर्शक असहमत’ असा शेरा मारून प्रबंध पुढे पाठवला आणि बाहेरचा परीक्षक काय ते बघून घेईल म्हणून निश्चिंत झाले.

परीक्षक अणावकर पुण्याहून आले. रेल्वेच्या कारखान्यात हयात घालवलेला, आखूड मिशीचा माणूस. त्यांनी प्रबंध आदल्या आठवड्यातच वाचला होता. खुर्चीवर न बसताच ते म्हणाले, “वाद कशाला? बॉयलर पेटवा.”

“अटेंडंटची जागा स्थगित आहे,” टिपणीस म्हणाले.

“माझ्या वडिलांकडे परवाना आहे,” कुशाबा म्हणाला.

“पण ते मॅट्रिक नाहीत! पदव्युत्तर प्रयोगशाळेत…”

“ते माझे पाहुणे म्हणून येतील,” अणावकर म्हणाले. “बोलवा त्यांना.”

बुधाजींची दुसरी पाळी होती. ते बदली माणूस उभा करून, धुतलेला सदरा घालून आले. परवाना मेणकापडात गुंडाळलेला होता. तो त्यांनी आधी टिपणिसांपुढे धरला. त्यांनी हात लावला नाही. अणावकरांनी घेऊन नीट वाचला.

“कर सुरू,” टिपणीस म्हणाले.

“बुधाजीराव, करा सुरुवात,” अणावकर म्हणाले.

बुधाजींनी भट्टीचं दार उघडून आत डोकावलं. आत उद्घाटनाच्या हाराचा वाळका दोरा होता. “ह्याच्या पोटात कुनी घास घातलाच न्हाई की!” ते म्हणाले आणि सदरा काढून खुंटीला लावला.

वाफ धरायला तीन तास लागले. मग कोळसा तोलत, पाणी मोजत आणखी दोन तास गेले. मधे टिपणीस पुढे झाले आणि प्रेशर गेजऐवजी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे बघून म्हणाले, “प्रेशर छान चढतंय.” बुधाजींनी त्यांना हलकेच दोन पावलं मागे घेतलं. सेफ्टी व्हॉल्व्ह उडायच्या बेतात होता, आणि तो मोठ्या आवाजात उडालाच. शेजारच्या वर्गातली मुलं मोर्चावर गोळीबार झाला समजून बाकाखाली बसली.

आकडा आला साडेपाच.

“आज हवेत दमटपणा आहे,” टिपणीस म्हणाले.

“मुंबईत तो असायचाच,” अणावकर म्हणाले आणि तिथल्या तिथे अहवालावर ‘उत्तीर्ण’ लिहून सही केली. नंतर प्रोफेसरांच्या खोलीत चहा आला. अणावकरांनी बुधाजींना स्वतःशेजारच्या खुर्चीवर बसवलं. बुधाजी काळे हात मांडीवर उताणे ठेवून बसले, खुर्चीला डाग लागू नये म्हणून. टिपणिसांनी कप पुढे केला. या वेळी ‘घ्या’ म्हणाले.

चाळीत ‘मास्टर ऑफ इंजिनियरिंग’ची बातमी पोचली ती ‘कुशाबा मास्टर झाला’ अशी. मिलमध्ये मास्टर म्हणजे अख्ख्या खात्याचा मालक. तासाभरात शेजारचा कोंडीराम पेढे घेऊन आला आणि पोराला बदली कामगार म्हणून लावायची विनंती करून गेला. मागोमाग मिलमध्येच काम करणाऱ्या कमळाबाई आल्या, त्यांना सूत गुंडाळायचं कांडीखातं सोडून दुसरीकडे जायचं होतं. कुशाबानं समजावलं की ही फक्त पदवी आहे, हाताखाली एकही माणूस नाही.

“मंग दोन वरसं केलंस काय?” कमळाबाईंनी विचारलं.

“कोळसा तोलला,” कुशाबा म्हणाला.

कमळाबाईंनी सुंदराबाईंकडे कीव आल्यासारखं बघितलं. सुंदराबाई पेढ्याचा पुडा पुढे करत म्हणाल्या, “त्यो खरा तोलला. खावा.”