समोरच्याचा वकील

वच्छला, तुह्या भावाले वकील पाहिजे म्हणतेस ना, तर आधी माहं ऐक. लोक म्हणतील, मोठी पाटी पाहा, मोटार पाहा, कोणाचा जावई आहे ते पाहा. त्यातलं काही पाहू नको. मी वकील कसा धुंडला ते सांगते, अन् हसायचं असन तर शेवटी हास.

नागपूर अजून राजधानी होतं तवाची गोष्ट. घर हेच, गोळीबार चौकाच्या मागचं. घर म्हणजे काय, दोन खोल्या अन् मधात हातमागाचा खड्डा. माग काही खाट नाही वं, की उचलली अन् दुसरीकडं टाकली. खड्ड्यात पाय सोडून विणा लागते. खड्डा सासऱ्यानं खणला, खांब त्यायनंच रोवले. घर गेलं म्हणजे आमचे हातच गेले. अन् तेच घर आमच्या मालकानं, नत्थूजीनं, नणदेच्या लग्नात इतवारीच्या चंद्रभान कापडवाल्याकडं गहाण टाकलं होतं.

फेड धोतरजोड्यात करायची, असं तोंडी ठरलं होतं. आम्ही विणायचो, उमरेडचे बाबनराव दलाल गठ्ठा पोचवायचे, चंद्रभान "जमा केलं" म्हणायचा. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, तसं चाललं होतं. एक दिवस नोटीस आली. फेड काहीच आली नाही, मुदतही गेली, आता गहाण सोडवायचा तुमचा हक्कच कोर्टातून संपवतो अन् घर कायमचं चंद्रभानच्या नावे करून घेतो, असं त्यात लिवलं होतं. शेजारच्या मास्तरनं वाचून दाखवलं. खाली नाव होतं मनोहरराव वकील, धंतोली.

आता इथं आमची अक्कल पाहा. आमच्या कोष्ट्यात भांडण झालं तर दोघंही एकाच पंचाकडं जातात. सुपारी द्यायची, पंच दोघाईचं ऐकते अन् निवाडा करते. मले वाटलं, कागदावर ज्याचं नाव तोच पंच. चंद्रभानचं त्यानं ऐकून घेतलं, आता आपलं सांगून येऊ. मालक म्हणे, तूच बोल वं, माह्या तोंडून शब्द नाही निघत. लग्नापासून निघाला नाही, तो तवा कुठून निघन!

फडक्यात सुपारी बांधली अन् धंतोलीले गेलो. मनोहरराव ओसरीतच खुर्चीवर लिवत बसले होते. किडकिडीत माणूस, जाड चष्मा. त्यायनं बसा म्हटलं अन् मी जी सुरू झाली ते थांबलीच नाही. कपड्यात फेड केली, लिवलेलं काही नाही, साक्षीदार एकटे बाबनराव, अन् तेही उमरेडले छातीच्या दुखण्यानं अंथरुणावर, वैद्यानं आशा सोडली. सारं सांगून टाकलं. मंग मालकानं नोटीस पुढं केली. ती पाहिली अन् त्यायनं लेखणी खाली ठेवली.

"बाई, मी चंद्रभानचा वकील आहे. तुमच्या विरुद्ध उभा राहणार आहे. हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

मंग त्यायनं शांतपणे समजावलं, की दोघांचे वकील वेगळे असतात अन् जो तो आपल्याच माणसाचं बोलते. चोराच्याच हाती किल्ल्या देऊन बसली होती मी! चंद्रभानले समजलं तर तो तारखेवर तारीख घेईन, तोवर बाबनराव जातील अन् त्यायच्या मागं घर. आधी रडू आलं. पण माहं तुले माहीत आहे, रडू आलं की त्याच्या मागंमागं रागही येते. मी उठलीच नाही.

"मंग एवढं सांगा वकीलसाहेब," मी म्हटलं, "कोर्टात समोर कोण उभा राहिला म्हणजे तुम्हाले भेव वाटते?"

मालक माहा पदर ओढून राहिले होते. मनोहरराव रस्त्याकडं पाहत बसले. मले वाटलं, आता हाकलून देतात.

"शरच्चंद्र म्हणून आहे, महाल भागात राहतो," ते म्हणाले. "पाटी लावलेली नाही, विचारत जा. आणि आजच जा."

सुपारी मात्र त्यायनं परत सरकवली. मले घेता येत नाही म्हणे.

वाटेत मालकाले पहिल्यांदा वाचा फुटली. वैऱ्यानं दाखवलेली वाट काहून धरायची, म्हणे. मीही घाबरलीच होती. पण मी जन्मभर बाजारात धोतरं विकली, वच्छला. खरा भाव सांगताना माणसाचं तोंड कसं होते ते मले समजते. आम्ही महालात गेलो.

शरच्चंद्र पोरगेलाच होता, सायकल पुसत होता. त्यानं सारं ऐकलं, पण विचारलं बाबनरावाचंच. चंद्रभानच्या आधी त्यानं आमचाच दावा लावला, गहाण सोडवून मागायचा. सोबत अर्ज दिला, की साक्षीदार मरणाच्या दारात आहे, त्याची साक्ष घरी जाऊन घ्या. साक्ष लिवून घ्यायले कोर्टानं माणूस पाठवला.

उमरेडले बाबनरावाच्या खाटेभोवती आम्ही सारे बसलो. बाबनरावांनी थांबत थांबत साऱ्या जोड्यांचं सांगितलं. मंग मनोहररावांची पाळी आली. बाप रे! नातं काय, दलाली किती, चिठ्ठी काहून नाही, चंद्रभानशी भांडण होतं का, असं एकेक विचारून त्यायनं त्या दुखणाईताले घाम फोडला. मी मनात शिव्या देऊन राहिली होती. तेवढ्यात बाबनरावांना जोराची ढास लागली. चंद्रभान वकिलाच्या कानाशी वाकला अन् म्हणाला, बाकीचं पुढच्या तारखेले ठेवा. मी मागंच बसली होती, मले ऐकू आलं. शरच्चंद्रानं आधीच सांगितलं होतं, सवाल अर्धे राहिले तर साक्ष धरत नाहीत.

मनोहररावांनी खाटेकडं पाहिलं.

"मला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले. "यांची सही घेऊन टाका."

त्याच आठवड्यात बाबनराव गेले.

त्यायची साक्ष कोर्टानं मानली. कपडा फेडीत धरला, उरलेल्याले मुदत दिली, ते आम्ही भरलं अन् घर सुटलं. चंद्रभाननं मनोहररावांकडून आपले सारे खटले काढून घेतले. त्याचं पाहून इतवारीच्या बाकी व्यापाऱ्यांनीही काढले. हे मले शरच्चंद्राकडून समजलं, अन् त्या दिवशी मले जेवण गेलं नाही.

मी एकटीच धंतोलीले गेली. ओसरी तीच, पण समोरचे बाक रिकामे होते. मले काही बोलता आलं नाही, मले! फडकं सोडलं अन् सुपारी पुढं केली. त्यायनं ती उचलली अन् कोटाच्या खिशात टाकली.

"आता घेता येतं," म्हणाले.

हास आता, हसायचं असन तर. पण भावाले सांग, समोरच्याच्या वकिलालेच विचार, अन् आजच जा म्हणा.