तपासणीसाठी नेलेली खुर्ची

वैनगंगा स्नेहसंघाच्या फळ्या रिकाम्या होत्या. वार्षिक सभा तोंडावर आली असताना अध्यक्ष बापूराव देशकरांना नेमकं तेच खुपत होतं.

एरवी याच रिकाम्या फळ्यांचं संघात कौतुक असे. पोटापाण्यासाठी विदर्भातून पुण्यात आलेल्या माणसांनी उभी केलेली ही संस्था. सदाशिव पेठेतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर तिची खोली आणि काम एकच, आजाऱ्याला लागणाऱ्या वस्तू फुकट वापरायला द्यायच्या. चाकांची खुर्ची, वॉकर, हवेची गादी, वरखाली होणारी लोखंडी खाट. माणूस बरा झाला की, किंवा व्हायचा राहून गेला की, वस्तू परत यायची आणि धुऊनपुसून दुसऱ्या घरी जायची. खोलीत एखादी वस्तू पडून दिसली की कार्यकर्त्यांना चुटपुट लागायची. ती इथे आहे म्हणजे कुठेतरी कोणीतरी तिच्यावाचून अडलं असणार, असा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबरच होता.

पण यंदा सभेला एक बड्या पाहुण्या येणार होत्या. एका मोठ्या कंपनीचं समाजकार्य त्यांच्या हातात होतं. संघाला विश्रांतवाडीत दुसरं केंद्र काढायचं होतं, आणि बाईंनी मान डोलावली तर जागेचा प्रश्न सुटणार होता.

"वर्षभराचं काम दाखवायचं म्हणजे दाखवायचं काय? भिंती?" बापूराव म्हणाले.

"सगळं लोकांकडे आहे, हेच तर आपलं काम," सचिव उत्कर्षा वानखडे म्हणाली.

"ते तुला कळतं, मला कळतं. त्यांना डोळ्यांनी दिसायला नको? थोडं परत मागवून घे. चांगलं चांगलं बघून. शनिवारी आणायचं, सोमवारी सकाळी ज्याचं त्याला पोचतं करायचं. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

उत्कर्षा बँकेतली नोकरी सांभाळून संघाचं काम बघायची. बापूरावांना नाही म्हणणं तिला जमत नसे. पण सगळं त्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. केंद्र तिलाही हवं होतं. अहवालातलं 'पुढील संकल्प' हे शेवटचं पान तिने स्वतः पुन्हापुन्हा खोडून लिहिलं होतं, आणि ते वाचताना टाळ्या कुठे पडतील हेसुद्धा तिच्या मनात ठरलेलं होतं.

ती फोन करायला बसली. 'आम्हाला सभेत मांडून ठेवायची आहे, म्हणून तुमच्या आजाऱ्याखालची गादी काढून द्या,' असं म्हणायला जीभ रेटेना. मग पहिल्याच फोनवर तिच्या तोंडून निघून गेलं, "तपासणी आहे. वर्षातून एकदा करावी लागते." पहिली थाप अवघड गेली. पुढच्या सगळ्या लोण्यासारख्या गेल्या.

खडकीच्या रंगराव मेश्रामांना तिने सगळ्यात शेवटी फोन लावला. हे दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. बायको प्रेमलाबाई अर्धांगाने आजारी, डावी बाजू गेलेली. संघातली सगळ्यात चांगली खुर्ची त्यांच्याकडे होती. खुर्चीचे हात बाजूला निघायचे, त्यामुळे प्रेमलाबाईंना उचलावं लागत नसे. खाटेवरून नुसतं खुर्चीत सरकवायचं, की न्हाणीपर्यंत जाता येई. हे सगळं उत्कर्षाला ठाऊक होतं, कारण कसं सरकवायचं ते तिनेच त्यांना दाखवलं होतं.

"जय भीम, ताई," रंगराव म्हणाले. तिने कारण सांगितलं.

"तिच्यात तर काही बिघाड नाई, ताई."

"नियमाने करावी लागते, काका. सोमवारी सकाळी परत देऊ."

"बरं. पाठवून द्या माणूस."

फोन ठेवल्यावर तिला बरं वाटलं नाही. शेजारीपाजारी कोणीतरी असेल मदतीला, असं तिने स्वतःला समजावलं आणि खुर्च्यांवर अंथरायच्या चादरींच्या मागे लागली.

रविवारी सभा थाटात झाली. भिंतीलगत वस्तू ओळीने मांडल्या होत्या, मध्यभागी ती खुर्ची. पाहुण्या बाई दिलखुलास होत्या. त्या खुर्चीत बसल्या, पट्टा लावून पाहिला आणि बापूरावांनी त्यांना सभागृहभर फिरवून आणलं. लोक हसले, फोटो निघाले. मग उत्कर्षाने अहवाल वाचला. "यंदा आपल्याकडे आलेला एकही रुग्ण साधनावाचून राहिला नाही," या वाक्यापाशी ती अडखळली. पुढे बघितलं तर समोर खुर्ची होती. तिने पाणी प्यायलं आणि वाक्य पूर्ण केलं. टाळ्या पडल्या, अगदी तिने ठरवल्या होत्या तिथेच. बाईंनी विश्रांतवाडीच्या केंद्राला व्यासपीठावरूनच होकार दिला. तर्री-पोहे खाताना बापूराव म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?"

सोमवारी सकाळी संघाचा टेम्पो चालवणाऱ्या समाधानचा तिला बँकेत फोन आला. "मॅडम, मेश्रामांच्या घराला कुलूप आहे. शेजारचे सांगतात, काल सकाळी बाईंना न्हाणीत नेताना दोघंही पडले. बाईंचा उजवा हात मोडलाय. दवाखान्यात ठेवलंय, दुपारी सोडतील म्हणे. खुर्ची मी शेजारी उतरवून ठेवू का?"

उजवा हात. प्रेमलाबाईंना तेवढा एकच हात होता. त्या हाताने त्या जेवायच्या, केस विंचरायच्या, नवऱ्याला दटावताना तोच नाचवायच्या. काल सकाळी आपण चादरींच्या सुरकुत्या काढत होतो, हे उत्कर्षाला आठवलं आणि स्वतःची किळस आली.

तिने बापूरावांना कळवलं. त्यांनाही वाईट वाटलं, नाही असं नाही. "अरेरे," ते म्हणाले. "आपण त्यांना बाई ठेवून देऊ मदतीला. पण उत्कर्षा, कंपनीचं पत्र हातात पडेपर्यंत याची वाच्यता नको. पडझड काय, कुठेही होते."

"कुठेही होत नाही, बापूराव. आपण खुर्ची नेली म्हणून झाली," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. इतक्या वर्षांत त्यांच्याशी ती पहिल्यांदाच असं बोलली होती. त्यानेही काही हलकं वाटलं नाही.

संध्याकाळी ती खडकीला गेली. रंगराव घराबाहेर ओट्यावर बसले होते. कपाळावर खोक पडलेली, गुडघा सुजलेला. तिला बघून ते उठायला लागले.

"बसा, काका," ती म्हणाली, आणि घरात जाण्याआधीच, उभ्याउभ्या सांगून टाकलं. "तपासणी वगैरे काही नव्हती. मी खोटं बोलले. सभेत पाहुण्यांना दाखवायला तुमची खुर्ची नेली होती. काकूंचा हात माझ्यामुळे मोडला."

आता ते काय म्हणतील, याची सगळी तयारी करून ती आली होती. ओरडतील, हाकलून देतील. खरं म्हणजे त्यांनी हाकलून द्यावं अशीच तिची इच्छा होती.

रंगरावांनी दार ओढून घेतलं. "हळू बोला, ताई. ठाऊक होतं मले."

"फोटो बघितलात?"

"फोटो तर काल दुपारीच आला मोबाइलवर, दवाखान्यात होतो तेव्हा. बाई बसल्या होत्या तो. मी पुसून टाकला. पण मले त्याच्या आधीच कळलं होतं, तुमचा फोन आला तेव्हाच. तपासाचंच असतं तर माणूस घरी येते न. खुर्ची काहून नेते?"

"मग दिलीत कशाला? नाही का म्हणाला नाहीत?"

रंगरावांना या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "वस्तू तुमची. फुकटची. नाई म्हटलं असतं अन् पुढच्या खेपेले तुमी दिलीच नसती, तर मी कोणाच्या दारात गेलो असतो?"

संघात एवढी वर्षं काम करताना उत्कर्षाला लोकांच्या तोंडून नुसतं 'बरं ताई' ऐकायची सवय झाली होती. त्या 'बरं'ला दुसरा पर्यायच नसतो, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मी काकूंची माफी मागते," ती कसंबसं म्हणाली.

"नाई!" रंगराव एकदम कडक झाले. "तिले एक शब्द सांगू नका. तिले वाटते माह्यापासून चुकी झाली, मी घाई केली. तेच राहू द्या. लई मानी बाई आहे ती. तिची खुर्ची तमाशात मांडली होती, हे कळलं तर मरेल, पण पुन्हा तिच्यात बसणार नाई. मग मी काय करू, ताई? मले आता उचलणं होत नाई."

त्यांनी दार उघडलं. आत खाटेवर प्रेमलाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये. खुर्ची खाटेला लागून ठेवलेली होती. उत्कर्षाला बघून बाईंचा चेहरा उजळला.

"या ताई. तुमी आल्या, लई बरं झालं. खुर्ची कशी सुरूसुरू चालून राहिली पाहा, तेल टाकलं वाट्टे. तुमच्या संघानं एवढी चांगली वस्तू दिली, अन् दोन दिवस ती नव्हती तर या माणसानं मले फोडून ठेवलं. किती सांगितलं, बाजूच्या पोरीले बोलाव, एकट्यानं उचलू नको. माहं ऐकतच नाई."

"चुकलं न," रंगराव म्हणाले.

"नुसतं चुकलं म्हणते! आता मले घासही याच्याच हातानं खावा लागते. ताई, तुमचं ऐकते तो. तुमी सांगा याले चार शब्द. चांगलं झापा."

उत्कर्षाने रंगरावांकडे बघितलं. बायकोला दिसणार नाही अशा बेताने त्यांनी मान हलवली. बोला.

"काका," ती म्हणाली. "असं एकट्याने उचलायचं नसतं. काळजी घ्यायला हवी होती तुम्ही."

"हो ताई," रंगराव मान खाली घालून म्हणाले. "माहीच चुकी झाली."

"आता कसं," प्रेमलाबाई समाधानाने म्हणाल्या, आणि नवऱ्याला ताईंसाठी चहा ठेवायला सांगितला.